उपसा बंद

टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हललं नाही, एवढंच झालं. तिनं पर्स खुंटीला अडकवली, खुर्ची ओढली, ग्लास उचलायला हात पुढं केला आणि हात तसाच राहिला. ती नोकरीला लागल्यापासून या खोलीतल्या पाण्यावर एक बारीक थरथर असायचीच. खाली अंगणापलीकडं मंडळाचे मोठे पंप. त्यांची घरघर भिंतीतून वर यायची, टेबलाच्या पायांतून चढायची आणि ग्लासातल्या पाण्यावर वर्तुळं काढत बसायची. नव्या माणसाला वाटायचं भूकंप झाला, मग तो ओशाळून हसायचा. आज वर्तुळं नव्हती. पंप बंद होते आणि ते तिनंच बंद करवले होते. दोन वर्षं घसा कोरडा करून, चार अध्यक्षांचे चार प्रकारचे टोमणे खाऊन, शेवटी एका कंटाळलेल्या दुपारी सगळ्यांनी एकदाची मान डोलावली म्हणून. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी भीती वाटली. हट्टानं मागितलेली वस्तू खरोखर हातात पडली की माणूस आधी घाबरतो, हे तिला माहीत होतं, तरी घाबरायचं काही थांबलं नाही. तिनं ग्लास उचलून पाणी पिऊन टाकलं. न हलणारं पाणी तिला बघवेना.

गोष्ट तशी साधी होती, आणि साधी असल्यामुळंच कुणाच्या गळी उतरत नव्हती. शहर आणि भोवतालचा मुलूख चार पाणी मंडळांत वाटलेला, पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण. नकाशावर चार रंग, चार कचेऱ्या, चार अध्यक्ष आणि चौघांच्या चार गाड्या. जमिनीखाली मात्र वाळूचा एकच जाड थर, पाण्यानं भरलेला, आणि त्याला वरच्या रंगांचा पत्ताच नाही. चौघंही त्यातूनच उपसत. एकाची पातळी खाली गेली की तो शेजाऱ्याच्या नावानं बोटं मोडायचा आणि आणखी जोरात उपसायचा; मग शेजाऱ्याची पातळी जायची, की तोही तेच. या वाळूच्या खाली चिकणमातीचा एक थर आणि त्याच्याही खाली खारं पाणी. ते तिथं निवांत पडलं होतं. पण आणखी खोल भोकं पाडली की ते वर येणार होतं, आणि एकदा वर आलेलं खारं पाणी परत खाली घालवायची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही. हे ती प्रत्येक बैठकीत सांगायची. तिचे अध्यक्ष, म्हणजे पश्चिम मंडळाचे, डोळे मिटून ऐकायचे. "मॅडम, तुमचं शास्त्र बरोबर आहे हो," ते म्हणायचे, "पण आपण थांबलो आणि पूर्वेचे थांबले नाहीत, तर लोकांना मी काय तुमचं शास्त्र प्यायला देऊ?" म्हणून तिनं हा उपाय काढला होता. चौघांनी एकदम थांबायचं. तीन दिवस उपसा बंद, शहर टाक्यांवर चालवायचं. चारही मंडळांच्या निरीक्षण विहिरींतलं पाणी जर सावकाश वर येऊन एकाच उंचीवर उभं राहिलं, तर पाणी एक आहे हे डोळ्यांनी दिसेल, आणि मग सामाईक उपशाच्या करारावर चौघं सह्या करतील. नाही राहिलं, तर ज्यानं त्यानं आपलं बघावं. अध्यक्षांनी आपलं आधीच बघून ठेवलं होतं. खोल बोअर मारायचं यंत्र अंगणात येऊन उभं होतं, खिडकीतून त्याचा पिवळा सांगाडा दिसत होता, आणि त्याचा चालक सावलीत चटई टाकून इतका बिनघोर झोपला होता की जणू निकाल त्याला कळलेलाच आहे.

आणि एक अट तिनं घातली होती, तीच सगळ्यांना झोंबली होती. आपली विहीर आपण मोजायची नाही. पश्चिमेची पूर्वेच्या माणसानं मोजायची, पूर्वेची उत्तरेच्या, असं फिरतं. कुणाचा कुणावर विश्वास नाही ना, मग अविश्वासच कामाला लावू, असं ती बैठकीत म्हणाली तेव्हा लोक हसले होते. पण पश्चिमेची मोजायला पूर्वेकडून कोण येणार, हे तिला तेव्हाच ठाऊक होतं, आणि ते तिनं मुद्दाम केलं का, हा प्रश्न ती स्वतःला विचारत नव्हती. पूर्व मंडळाचा मुख्य मोजणीदार तिचा सख्खा मोठा भाऊ होता.

लहानपणी त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक नळ. नळ कसला, एका पाइपाला फुटलेल्या दोन तोट्या, एक न्हाणीत, एक स्वयंपाकघरात. दादा अंगाला साबण लावून न्हाणीत उभा राहिला की ती पाय न वाजवता स्वयंपाकघरात जायची आणि तोटी सोडायची. आतली धार लगेच बारीक व्हायची. "ठके! तू नळ सोडलास ना?" तो आतून ओरडायचा. "मी नाही!" ती म्हणायची. "मी भांडी धुतेय!" आई दोघांनाही धपाटे घालायची आणि वर म्हणायची, पाणी एकच आहे रे बाबांनो, तुमच्या बापानं दोन विहिरी नाही खणून ठेवल्या. पुढं दोघंही पाण्याच्याच नोकरीला लागले, आईला त्याचं कोण कौतुक. एक पूर्वेला, एक पश्चिमेला. मग पाण्यावरून दोन्ही मंडळांचा लवादापुढं खटला उभा राहिला. ती शपथेवर म्हणाली की पूर्वेच्या उपशानं पश्चिमेची पातळी पडते. तो शपथेवर म्हणाला की पश्चिमेच्या उपशानं पूर्वेची पडते. दोघंही खरं बोलले, हेच वाईट झालं. खोटं बोलणाऱ्याला माफ करता येतं, खऱ्याला कसं करायचं? वकिलांनी तिच्या तोंडून भावाची मापं चुकीची ठरवून घेतली आणि त्याच्या तोंडून तिची. बाहेर पायऱ्यांवर तो तिच्या शेजारून गेला, अगदी जवळून, त्याच्या सदऱ्याला घरच्या साबणाचा वास येत होता, आणि तो बोलला नाही. तेव्हापासून फोन वहिनीच करायची, आणि तोही आईचं बरं नसलं तरच.

तो आला. केस बरेच पांढरे झाले होते, हे तिनं पहिल्यांदा पाहिलं आणि तिला राग आला, कुणावर ते कळलं नाही. "नमस्कार," तो म्हणाला, जसा कुठल्याही मॅडमला म्हणाला असता. "या," ती म्हणाली. अंगणाच्या कोपऱ्यात निरीक्षण विहीर. विहीर कसली, जमिनीतून कमरेएवढा वर आलेला लोखंडी पाइप आणि त्याला कुलूपबंद झाकण. तिनं कुलूप काढलं. त्यानं पोलादी फितीच्या टोकाला खडू घासला, मन लावून, वीतभर पांढरं करून, आणि फीत आत सोडू लागला. ती पाइपावर तळहात टेकून उभी राहिली. फीत आत सळसळत गेली. खडूचा वास, गरम लोखंडाचा वास, भावाच्या श्वासाचा आवाज. शाळेतल्या फळ्यापुढं दोघं असेच उभे असायचे, तो गणितं सोडवायचा आणि ती मागून चुका काढायची. पाइपातून तळहाताला काहीतरी बारीक गुणगुणल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांची सवय, तिनं मनात म्हटलं, पंप बंद झाले तरी हाताला ते चालूच वाटतायत. त्यानं फीत वर ओढली. खडू जिथं ओला होऊन काळा पडला होता तिथं बोट ठेवून त्यानं आकडा वाचला, मोठ्यानं, परक्यासारखा. पातळी वर आली होती. थोडी, पण वर. "आईचे गुडघे कसे आहेत?" तिनं विचारलं. "आहेत तसेच," तो म्हणाला, फीत पुसून गुंडाळली आणि गेला.

घरी जाताना रस्ता तिला ओळखू येईना. तेच पदपथ, तीच दुकानं, पण लोक कडेकडेनं बादल्या घेऊन चालल्यासारखे वाटत होते, प्रत्यक्षात बादली एखाद्याच्याच हातात होती. कारंज्याच्या चौकातलं कारंजं कोरडं. त्याच्या तळाशी वर्षानुवर्षांची शेवाळ उघडी पडून वाळत होती आणि दोन माणसं ती बघत थांबली होती. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गाठलंच. "काय गं, तुम्ही म्हणे मुद्दाम बंद केलंय? आम्ही काय पाप केलंय तुमचं?" ती हसली आणि तिसऱ्या दिवसापर्यंत थांबा म्हणाली. "तुझ्या जिवाला लागू नये म्हणून सांगते," काकू म्हणाल्या, "पण सगळे तुझ्याच नावानं शंख करतायत." नवऱ्यानं अर्ध्या तांब्यात दाढी केली होती आणि तो स्वतःवर भलताच खूष होता. ती जेवली, काय जेवली ते कळलं नाही. सगळ्या शहराखाली आता पाणी सावकाश पाठ सरळ करत असेल, असं तिला वाटत राहिलं. वाळूच्या कणाकणांमधून, कुणाच्याही अंगणाची हद्द न विचारता. आणि तसं होत नसेल तर? कागदावर मांडलेलं पाणी आणि खालचं पाणी वेगळंच असेल तर? उभं आयुष्य तिनं न पाहिलेल्या गोष्टीची शपथ घेतली होती. भाऊ त्यापायी दुरावला होता.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या तिन्ही मंडळांची मापं सकाळीच आली. पूर्वेचं वर, उत्तरेचं वर, दक्षिणेचं वर. पश्चिमेची फीत दादानं वर ओढली, ओल्या खडूवर बोट ठेवलं, आणि काही न बोलता फीत पुसून पुन्हा खडू लावून पुन्हा सोडली. तेवढ्यानंच तिला कळलं. पातळी खाली गेली होती. "पडलीय," तो म्हणाला. ती म्हणाली, "शक्य नाही." "मी मोजलंय." "म्हणूनच म्हणतेय," तिच्या तोंडून निघून गेलं. तो ताठ झाला. मागं अध्यक्ष येऊन उभे होते, त्यांना तर हवंच होतं. "झालं तुमच्या मनासारखं?" ते म्हणाले, आणि हे नेमकं कुणाला, ते दोघांनाही कळलं नाही. "आपलंच पडतंय म्हणजे शेजारच्यांचा कुठलातरी पंप चालू आहे. सरळ हिशेब आहे. बोअरवाल्याला उठवा रे कुणीतरी." दादा त्यांच्याकडं वळला. "आमचा एकही पंप चालू नाही. उत्तरेच्या माणसानं प्रत्येकाला सील ठोकलंय. तुमच्या पंपांवर कुणाचं सील आहे?" "माझं," ती म्हणाली. "प्रत्येक पंपावर. माझ्या हातानं." हे खरं होतं. तिनं शहरभर फिरून पश्चिमेचा एकूण एक पंप तपासला होता, डोळ्यांत तेल घालून. दादानं तिच्याकडं पाहिलं. लवादाच्या पायऱ्यांवर पाहिलं नव्हतं, ते आत्ता पाहिलं, आणि तिला वाटलं, तो पुन्हा तोच प्रश्न विचारतोय, आणि ती पुन्हा तेच उत्तर देतेय, भांडी धुणाऱ्या पोरीचं.

ती खाली बसली. अध्यक्ष बोलत होते, यंत्राचा चालक चटई झटकत होता, आणि ती सगळ्यांदेखत जमिनीवर बसली, साडीची पर्वा न करता, आणि तिनं दोन्ही तळहात त्या लोखंडी पाइपावर ठेवले. गुणगुण होती. सवय नव्हती ती. सवय थांबत नाही, आणि हे मध्येच थांबलं. मग थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं. कुठंतरी जवळ, अगदी जवळ, काहीतरी आपलं आपण चालू होत होतं आणि बंद होत होतं. ती उठली आणि कचेरीच्या भिंतीला हात लावत लावत चालू लागली, तळघराचा जिना उतरली, जुनी कपाटं सरकवायला लावली. मागून दादा येत होता, हे तिला पावलांवरून कळलं. कपाटांमागं एक लहानसं दार, दाराआड हिरव्या रंगाचा एक पंप, स्वच्छ, तेलपाणी केलेला, आणि त्याचा पाइप थेट खाली जमिनीत. कचेरी थंड ठेवणाऱ्या यंत्रासाठी पाणी खेचणारा. इमारत बांधणाऱ्यांनी बसवलेला, इमारत खात्याच्या ताब्यातला, गरमी वाढली की आपोआप सुरू होणारा. पश्चिमेच्या पंपांत त्याची गणना नव्हती, कारण तो शहराला पाणी देत नव्हता. जो शहराला देत नाही तो पंपच नाही, असं सगळे धरून चालले होते, आणि सगळ्यांत आधी ती. शहरभर उन्हात सीलं ठोकत फिरली, आणि संध्याकाळी दमून याच पंपाच्या गारव्यात येऊन बसली. निरीक्षण विहीर भिंतीपलीकडं, हाकेच्या अंतरावर. पातळी पडणार नाही तर काय होणार?

अध्यक्ष जिन्यात वाकून बघत होते. त्यांना समजायला वेळ लागला नाही, माणूस मुळात हुशार होता. त्यांनी तिला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "बंद करून टाका. उद्यापर्यंत पातळी येईल वर. बाहेर बोलायची गरज नाही." "दादानं पाहिलंय," ती म्हणाली. "तुमचा भाऊच आहे ना तो? सांगा त्याला घरच्यासारखं." तिला हसू आलं. दोन वर्षं ज्याच्याशी घरच्यासारखं बोलता आलं नव्हतं, त्याच्याशी आता पंप लपवण्यासाठी बोलायचं. क्षणभर तो रस्ता तिला दिसला, गुळगुळीत, सगळ्यांच्या सोयीचा. करार होईल, यंत्र जाईल, कुणाचं काही बिघडणार नाही. पण मग त्या चार आकड्यांतला एक खोटा राहील, आणि तो कुणाचा, हे तिला कायम माहीत राहील. ती वर गेली. चारही मंडळांना जोडलेला फोन उचलला आणि सगळे फोनवर आल्याची खात्री करून, अध्यक्ष दारात उभे असताना, तिनं सांगितलं, की पश्चिमेची पातळी पश्चिमेनंच पाडली, आमच्या कचेरीच्या तळघरात एक पंप चालू होता, तो आम्ही मोजलाच नव्हता, आमची चूक, पूर्वेचा काही संबंध नाही. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. आता उत्तरेचे ओरडतील, दक्षिणेचे म्हणतील यांचंच सगळं असं असतं, आणि संपलं, दोन वर्षं पाण्यात. मग उत्तरेचे अध्यक्ष खाकरले. "थांबा, थांबा," ते चाचरत म्हणाले. "आमच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी कुठून येतं, ते विचारतो जरा." दक्षिणेचे म्हणाले, "आमच्या कचेरीच्या मागं हिरवळ आहे. तिचंही बघावं लागेल मग." आणि पूर्वेकडून एक मोठा, मोकळा हशा आला, पूर्वेचे अध्यक्ष हसत होते, कारण त्यांची गाडी धुवायची जागा त्यांना आठवली होती. चौघांचाही एकेक पंप निघाला, आणि चारही त्याच दिवशी बंद झाले. चौघंही शहराला तहान सोसायला सांगून आपल्या अंगणात शिंपडत होते, आणि त्यातल्या एकालाही ते माहीत नव्हतं.

फोन ठेवून वळली तर दादा खोलीत उभा होता. तिला वाटलं तो काही गंभीर बोलणार. त्यानं ओठ दाबून धरले होते, नाक लाल झालं होतं, आणि मग ते काही त्याला धरवेना. "तू नळ सोडलास ना?" तो म्हणाला. ती हसू लागली आणि हसता हसता रडू लागली, तोंड झाकायलाही तिला सुचलं नाही, आणि अध्यक्ष गोंधळून बाहेर निघून गेले. "दादा, तुझी मापं बरोबर होती," ती म्हणाली, "त्या वेळीसुद्धा." "तुझीही होती," तो म्हणाला. "तेच तर कळत नव्हतं मला." मग तो तिच्या खुर्चीवर ऐसपैस बसला आणि म्हणाला, चहा तरी पाज, कुठलंही पाणी चालेल.

तिसऱ्या दिवशी अध्यक्षांनी मापं घ्यायला नुसती माणसं पाठवली नाहीत, ते स्वतः आले. त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. चौघं जण एकाच गाडीतून फिरले, ही गोष्टही पूर्वी कधी घडलेली नव्हती, आणि प्रत्येक विहिरीवर, आता आपली-परकी न बघता, चौघांदेखत दादानं खडू घासला, फीत सोडली, वर ओढली. दुपारी पश्चिमेच्या सभागृहातल्या फळ्यावर तिनं चार विहिरींची चार मापं समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत बदलून लिहिली. शेवटच्या ओळीतही दिसावं म्हणून तिनं अक्षर मोठं काढलं. चौथा आकडा लिहून ती बाजूला झाली. चारही विहिरींतलं पाणी एकाच उंचीवर उभं होतं. बोटभर इकडं, बोटभर तिकडं, बस्स. तिनं ते पाणी पाहिलं, तिथं, फळ्याच्या आरपार: एक अखंड सपाट पाणी, चार रंगांच्या खालून, घरांच्या, रस्त्यांच्या, कारंज्याच्या, आईच्या दोन खोल्यांच्या खालून पसरलेलं, आणि त्याच्या खूप खाली ते खारं पाणी, जिथल्या तिथं पडून. इतकी वर्षं ती जे सांगत होती ते होतं. खरोखर होतं. तिला ओरडावंसं वाटलं, टेबलावर चढावंसं वाटलं, आणि काकूंच्या दारावर थाप मारून ओढत आणून दाखवावंसं वाटलं. तिचे अध्यक्ष उठले. फळ्याजवळ गेले, चष्मा वर सरकवून बराच वेळ बघत राहिले. "यातलं आमचं कुठलं?" त्यांनी विचारलं, आणि प्रश्न तोंडातून निघताच त्यांचं त्यांनाच कळलं. ते मागं वळले. "आणा तो करार," ते म्हणाले. "आणि त्या यंत्रवाल्याला सांगा, चटई उचल."

सह्या झाल्या, हात मिळवले गेले, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की शहर अजून तहानलेलं आहे. टाक्यांचे तळ दिसायला लागले होते. खालून पंपवाल्यानं निरोप पाठवला, मॅडम, बटण दाबू का? रोजचं काम होतं ते. पहाटे दाबायचं, त्यासाठी कुणाला कधी काही विचारावं लागलं नव्हतं. ज्याचा पंप, त्याची मर्जी. ती हो म्हणणारच होती. तोंड उघडलं आणि थांबली. सभागृहात गर्दी, चहाचे कप, दादा पूर्वेला परत पोचलासुद्धा असेल एव्हाना. करारात काय लिहिलंय ते तिनंच लिहिलं होतं, किती उपसायचं, कुणी किती. पण हे त्यात नव्हतं. हे तिला आत्ता सुचलं होतं. तिनं फोन उचलला.

"पूर्व मंडळ," पलीकडून दादाचा आवाज आला.

"पश्चिमेकडून बोलतेय," ती म्हणाली. मागची कुजबूज हळूहळू थांबली, अध्यक्षसुद्धा कप हातात धरून ऐकू लागले. "आम्ही पंप सुरू करतोय. चालेल?"

ज्या दिवसापासून या शहरात पंप आले त्या दिवसापासून असा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर काय द्यायचं असतं, ते पूर्वेच्या मुख्य मोजणीदारालाही माहीत नव्हतं.

"चालेल," दादा म्हणाला. मग म्हणाला, "थांब, मी इकडं सगळ्यांना सांगतो," आणि फोन बाजूला ठेवून तो मोठ्यानं, अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल असा ओरडला, "विचारतायत! पश्चिमेचे विचारतायत!"